भावाचं रक्त, बहिणीचे केस

आमच्या नेरूळच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते. दोन वर्षांपूर्वी, ऐन दहावीत, तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. केमो झाली, मग बोनमॅरो ट्रान्सप्लांट झाला. डोनर तिचा सख्खा मोठा भाऊ. घरी परतली तेव्हा डोक्यावर एक केस नव्हता. काही महिन्यांनी केस यायला लागले आणि सगळं घर चक्रावलं. आधीचे केस सरळसोट, कमरेपर्यंत. नवे आले ते चक्क कुरळे. भावाचे केस जन्मापासून कुरळे आहेत.

आजींनी निकाल देऊन टाकला, "पोराचे केस पोरीला आले." त्यात रिपोर्टची भर पडली. ट्रान्सप्लांटनंतर ठरावीक काळाने जी कायमेरिझमची, म्हणजे रक्तात डोनरच्या पेशी किती आणि स्वतःच्या किती हे बघणारी, तपासणी करतात, तिच्या कागदावर लिहून आलं होतं, "१०० टक्के डोनर."

तो कागद घेऊनच मुलीची आई माझ्याकडे आली. मी तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, एवढीच माझी पात्रता. "मॅडम, शंभर टक्के डोनर म्हणजे ही आता आतून पूर्ण तोच झाली का? लिव्हर, मेंदू, सगळंच हळूहळू बदलत जाणार?" आवाजात भीती होती आणि थोडी आशाही. आशेचं कारण मला नंतर कळलं. घरात तिचे सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले आहेत, आणि एका क्लिनिकने सांगितलं होतं की स्टेम सेलच्या इंजेक्शनांनी मेंदूत नव्या पेशी तयार होतात. नातीला स्टेम सेलने जीवदान मिळालेलं या घराने डोळ्यांनी पाहिलं होतं. मग आजोबांना का नाही?

प्रश्न भाबडा मुळीच नाही. जगातल्या नामवंत प्रयोगशाळा हाच प्रश्न घेऊन काही वर्षं एकमेकींशी भांडत होत्या. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी त्या पिशवीत काय असतं ते बघू. ट्रान्सप्लांट म्हटलं की ऑपरेशन डोळ्यांसमोर येतं, पण इथे रक्त चढवतात तशी एक पिशवी शिरेतून चढवतात, बस्स. तिच्यातल्या रक्ताच्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, रक्तप्रवाहातून फिरत फिरत स्वतःच हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे बोनमॅरोत, जाऊन बसतात. मॅरोतून जे रासायनिक संकेत निघतात ते त्यांना ओळखता येतात. दोन-तीन आठवड्यांत रक्तपेशींचे काउंट वर यायला लागतात आणि वॉर्डबाहेर बसलेल्या घरच्यांच्या जिवात जीव येतो. भारतात असा पहिला ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात झाला. आता टाटाचं हे काम आपल्या खारघरच्या त्यांच्याच केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये चालतं. त्या भागात भाड्याच्या खोल्यांमध्ये बिहार, बंगालपासून आलेली कुटुंबं महिनोन्‌महिने याच काउंटची वाट बघत राहतात.

या मूळपेशींचं काम अफाट आहे. माणसाच्या शरीरात रोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, काही पांढऱ्या पेशी तर जेमतेम दिवसभर. म्हणजे रक्त हे सतत मोडणारं आणि सतत बांधलं जाणारं घर आहे. १९६१ मध्ये टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलक यांनी किरणोत्सर्गाने मॅरो मारून टाकलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांचा मॅरो दिला. आठ-दहा दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर छोट्या गाठी उठलेल्या दिसल्या. एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढलेली असते, हे त्यांच्याच गटाने पुढे दाखवलं. एकच पेशी, आणि तिच्यापासून रक्ताचे वेगवेगळे प्रकार. मूळपेशी नुसती कल्पना राहिली नाही, ती या गाठींमुळे.

आता मुद्द्याचं. एक पेशी रक्ताचं सगळं कुटुंब उभं करू शकते, तर तीच लिव्हरची, मेंदूची, हृदयाची पेशी का होऊ नये? डीएनए तर सगळ्या पेशींत तोच असतो.

आपल्या ट्रान्स-हार्बर लोकलचं उदाहरण घ्या. ठाणे स्टेशनवर तुम्ही उभे आहात तोवर कुठेही जाता येतं: कल्याणकडे, सीएसएमटीकडे, नाहीतर नवी मुंबईकडे. गर्भातल्या अगदी सुरुवातीच्या पेशी या अशा ठाण्याला उभ्या असतात. रक्ताची मूळपेशी मात्र ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसून निघालेली आहे. तिच्यापुढे अजून फाटे आहेत. तुर्भ्याहून ती वाशीला वळेल किंवा नेरूळ-पनवेलला. पण लिव्हर आहे कल्याणच्या मार्गावर. ऐरोलीला उभं राहून कितीही ठरवलं तरी पुढे जात जात डोंबिवली येत नाही. मागे ठाण्यालाच यावं लागतं. पेशींमध्ये हे रूळ म्हणजे कोणती जनुकं उघडी आणि कोणती घट्ट मिटलेली, याची मांडणी. रक्ताच्या पेशीत लिव्हरची जनुकं असतात, पण मिटलेली. शरीर ती आपण होऊन उघडत नाही, आणि हे आपल्या भल्याचंच आहे. नाहीतर मॅरोत केस उगवले असते आणि मेंदूत हाडं.

ही समजूत १९९८ पासून हादरायला लागली. त्या वर्षी इटलीतल्या एका गटाने दाखवलं की उंदराला दिलेल्या मॅरोच्या पेशी जखमी स्नायूत सापडतात. १९९९ मध्ये लिव्हरमध्ये सापडल्या, २००० मध्ये मेंदूत. माणसांतही पुरावे आले. पुरुषाचा मॅरो घेतलेल्या स्त्रियांच्या लिव्हरमध्ये वाय गुणसूत्र असलेल्या पेशी दिसल्या. वाय गुणसूत्र स्त्रीचं असूच शकत नाही, म्हणजे ते डोनरचं. आमच्या सोसायटीतल्या बहीण-भावाची जोडी नेमकी तशीच. २००१ मध्ये येल विद्यापीठाच्या डायान क्राउस आणि सहकाऱ्यांनी एकाच मॅरो-पेशीची पिल्लावळ फुप्फुस, आतडं, त्वचा अशा अनेक ठिकाणी सापडल्याचं छापलं. त्याच वर्षी डोनल्ड ऑर्लिक आणि पिएरो अँव्हर्सा यांच्या गटाने त्याहून मोठा दावा केला: उंदराला हार्ट अटॅक आणून तिथे मॅरोच्या पेशी टोचल्या, तर नऊ दिवसांत मेलेल्या भागाचा ६८ टक्के हिस्सा नव्या हृदयस्नायूने भरून निघाला.

तेव्हा मी वर्गात हे किती आनंदाने सांगितलं होतं ते अजून आठवतं. गर्भातल्या पेशी वापराव्यात की नाही यावर जगभर नैतिक वाद चालू होता, आणि इथे तर आपल्याच हाडांतून हृदय, मेंदू, लिव्हर दुरुस्त करायची सोय निघत होती. कुणाला ते खरं व्हावंसं वाटणार नाही?

आणि मग चाळणी लागली. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वात सुंदर भाग हाच.

पहिली शंका पिशवीबद्दलच होती. मॅरो हा एक जिनसी पदार्थ नाही. त्यात रक्ताच्या मूळपेशी अगदी थोड्या, आणि सोबत हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या वेगळ्या वंशाच्या पेशीही असतात. सगळा मॅरो टोचून कुठे काही उगवलं, तर ते नेमकं कुणामुळे उगवलं हे कसं सांगणार? म्हणून २००२ मध्ये स्टॅनफर्डच्या अर्व्हिंग वाइसमन यांच्या प्रयोगशाळेत एमी वेजर्स आणि सहकाऱ्यांनी शुद्ध केलेली एकच मूळपेशी घेतली. जेलीफिशच्या एका प्रथिनामुळे ती आणि तिचे सगळे वंशज हिरवे चमकणारे होते. उंदराचं रक्त या एका पेशीने उभं केलं, हिरवंगार. मग त्यांनी मेंदू, मूत्रपिंड, आतडं, लिव्हर, स्नायू यांच्या चकत्यांवर चकत्या तपासल्या. लिव्हरमध्ये मोजून सात हिरव्या पेशी मिळाल्या, लहान मेंदूत एक. अवयवांचं नूतनीकरण चालू आहे म्हणावं, असं काहीही नव्हतं.

पण मग त्या सात आणि एक तरी कुठून आल्या? शून्य असतं तर प्रश्नच मिटला असता. याचं उत्तर त्याच वर्षी दुसऱ्या दिशेने आलं होतं. एका प्रयोगशाळेत मॅरोच्या पेशी आणि दुसरीत मेंदूच्या पेशी गर्भमूळपेशींसोबत एकाच बशीत वाढवताना दोघींच्याही लक्षात आलं की लाखोंतली एखादी पेशी शेजारणीशी चक्क एकरूप होते. रूपांतर नाही, विलीनीकरण. चाळीतल्या दोन बिऱ्हाडांमधली भिंत पाडली की एक मोठी खोली होते, पण देवघरं दोन राहतात, तसं. अशा पेशीत दोघींची गुणसूत्रं असतात. बाहेरून ती लिव्हरची दिसते, काम लिव्हरचं करते, आणि आत डोनरची खूणही सापडते. बघणाऱ्याला वाटतं, रक्ताची पेशी लिव्हर झाली.

हे नुसतं बशीतलं कुतूहल राहिलं नाही. २००० मध्ये एक फार भारी प्रयोग झाला होता. टायरोसिनेमिया नावाच्या जन्मजात आजारात लिव्हरमधलं एक एन्झाइम नसतं. असे उंदीर औषधावर जगतात, औषध थांबवलं की लिव्हर निकामी होतं. त्यांना रक्ताच्या शुद्ध मूळपेशी दिल्या, औषध थांबवलं, आणि उंदीर जगले. लिव्हरचा बराच भाग डोनरच्या खुणेच्या पेशींनी भरला. याहून थेट पुरावा कोणता हवा? पण २००३ मध्ये त्या पेशींची गुणसूत्रं तपासली तेव्हा तिथेही दोन देवघरं निघाली. डोनरच्या रक्ताच्या काही पेशी आजारी लिव्हरपेशींमध्ये विलीन झाल्या होत्या आणि जाताना चांगलं जनुक सोबत घेऊन गेल्या होत्या. बाकीच्या आजारी पेशी मरत होत्या, या मोजक्या तगल्या, वाढल्या आणि त्यांनी लिव्हर व्यापलं. म्हणजे निष्कर्ष चुकला तरी उंदीर खरोखरच वाचले होते. निरीक्षण आणि त्याचा लावलेला अर्थ यांत किती अंतर असू शकतं, हे मुलांना शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही. लहान मेंदूतल्या पुर्किंजे नावाच्या मोठ्या पेशींचंही तेच. ट्रान्सप्लांट झालेल्या स्त्रियांच्या मेंदूत क्वचित वाय गुणसूत्राची पुर्किंजे पेशी सापडली, पण तिच्यात गुणसूत्रं नेहमीपेक्षा जास्त होती.

उरलेले बरेचसे दाखले साध्या नजरचुकीचे. पांढऱ्या पेशी प्रत्येक अवयवात शिरतात. सूक्ष्मदर्शकाखाली फुप्फुसाच्या पेशीला चिकटून बसलेली डोनरची पांढरी पेशी आणि खरोखर डोनरची फुप्फुसपेशी यांत फरक करणं अवघड असतं.

हृदयाचं काय झालं ते दुःखद आहे. २००४ मध्ये दोन गटांनी तोच प्रयोग पुन्हा केला आणि दोघांनाही मॅरोपासून हृदयस्नायू झालेला दिसला नाही. तोवर हार्ट अटॅकच्या रुग्णांना मॅरोच्या पेशी टोचण्याच्या चाचण्या जगभर सुरू झाल्या होत्या. पुढच्या मोठ्या चाचण्यांत आशा होती तसा फायदा हाती लागला नाही. अँव्हर्सा पुढे हृदयात स्वतःच्याच मूळपेशी असल्याचा दावा घेऊन हार्वर्डशी संलग्न प्रयोगशाळेत काम करत राहिले, आणि २०१८ मध्ये हार्वर्ड आणि ब्रिगहॅम हॉस्पिटलने त्यांच्या प्रयोगशाळेतले ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली, खोट्या किंवा फेरफार केलेल्या माहितीमुळे. मॅरोतल्या एका खास पेशीपासून जवळजवळ सगळं बनतं, असा २००२ चा आणखी एक गाजलेला शोधनिबंध 'नेचर'ने थेट २०२४ मध्ये मागे घेतला. बावीस वर्षं! तेवढ्या काळात किती माणसांनी त्या भरवशावर काय काय करून घेतलं असेल, याचा विचार करवत नाही.

तर आईच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मुलीचं लिव्हर तिचं, मेंदू तिचा, मूत्रपिंडं तिची. रिपोर्टमधले १०० टक्के हे फक्त रक्ताचे. मॅरोतल्या मूळपेशी भावाच्या, पण त्या ज्या चौकटीत राहतात ती चौकट बहुतांश तिचीच.

मात्र "फक्त रक्त" म्हणताना आवाज खाली येऊ नये. रक्ताचा गोतावळा आपल्याला वाटतो त्याहून फार पसरलेला आहे. लिव्हरमध्ये कचरा गिळणाऱ्या पेशी असतात, फुप्फुसाच्या पिशव्यांत पहारेकरी पेशी असतात, हाड कुरतडून त्याला आकार देणाऱ्या पेशी असतात. या सगळ्या रक्ताच्याच घराण्यातल्या, आणि ट्रान्सप्लांटनंतर त्या हळूहळू डोनरच्या होतात. काही बाळांना हाडं दगडासारखी घट्ट होत जाण्याचा जन्मजात आजार असतो, कारण कुरतडणाऱ्या पेशी काम करत नाहीत. मॅरो ट्रान्सप्लांटने तो आजार बरा होऊ शकतो. हाडाचा आजार, उपाय रक्ताचा.

मेंदूचं तर आणखी नवल. हर्लर सिंड्रोममध्ये एका एन्झाइमअभावी मुलांच्या पेशींत कचरा साठत जातो आणि मेंदू खालावतो. लहान वयात ट्रान्सप्लांट केला तर डोनरच्या काही पेशी मेंदूत जाऊन पहारेकरी पेशींच्या जागी वसतात. चेतापेशी त्या होत नाहीत. त्या एन्झाइम बाहेर सोडतात आणि शेजारच्या चेतापेशी ते उचलून घेतात. शेजारणीने वाटीभर साखर द्यावी, इतकं साधं.

आणि मुलीच्या बाबतीत काय काय बदललं? रक्तगट बदलला. ती ओ पॉझिटिव्ह होती, भाऊ बी पॉझिटिव्ह. आता तिच्या तांबड्या पेशी बी आहेत. पण रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही रक्तगटाच्या खुणा असतात; तिथे ती अजून ओच आहे. लहानपणीच्या लसींची आठवण जुन्या पांढऱ्या पेशींबरोबर गेली, म्हणून लसी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागल्या. अ‍ॅलर्जीही रक्ताच्या पेशींतच मुक्कामाला असते. डोनरला एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असेल तर ती घेणाऱ्याला लागल्याच्या नोंदी आहेत. हे ऐकून आईने लगेच विचारलं, "त्याला कोळंबीने अंगावर गांधी उठतात. मग हिला?" म्हटलं, ते ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना जरूर सांगा, आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत कोळंबी नको.

गालाच्या आतून कापसाने नमुना घेतला तर दोघांचा डीएनए मिसळलेला येईल, कारण लाळेत पांढऱ्या पेशी असतात. घेणाऱ्याचा स्वतःचा डीएनए हवा असेल तर सर्वात भरवशाची जागा कोणती? केसांची मुळं. ज्या केसांवरून आजींनी निकाल दिला होता, तेच.

मग ते कुरळे का झाले? केमोमुळे. केसाचा आकार त्वचेतल्या मुळाच्या पिशवीवर ठरतो, आणि केमोची औषधं त्या पिशवीला तात्पुरती विस्कळीत करतात. कुणाचाही मॅरो न घेतलेल्या, स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो घेतलेल्या कितीतरी बायकांचे केस असेच कुरळे परत येतात. भावाचे केस कुरळे असणं हा योगायोग.

आजोबांचा विषय काढायला मला जरा धीर करावा लागला. आपल्या देशात आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण रक्ताच्या आणि मोजक्या जन्मजात आजारांसाठी मान्य उपचार आहे. थॅलसेमिया त्यातला एक, आणि उल्हासनगरसारख्या सिंधी वस्तीच्या गावात तो आजार काय असतो हे ठाणे जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. अर्धांगवायू, ऑटिझम यांसाठी स्टेम सेल ही अजून चाचणीचीच बाब आहे, आणि मंजूर चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कुणी पॅकेजचा दर सांगत असेल तर तिथेच थांबायचं. त्या क्लिनिकने या घराला तीन इंजेक्शनांचा दर सांगितला होता, आणि त्यासाठी गावची जमीन विकायचं बोलणं चाललं होतं. मला राग आला, अजून येतो. मरणाच्या दारातून लेकरू परत आलेलं घर कशावरही विश्वास ठेवायला तयार असतं, हे अशा क्लिनिकवाल्यांना पक्कं माहीत असतं.

एका पेशीला दुसरी करता येतच नाही, असं मात्र नाही. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचापेशींत चार जनुकं घालून त्यांना गर्भपेशींसारख्या अवस्थेत मागे नेलं, पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींत, आणि २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. गाडी खरोखर ठाण्याला परत आणता येते. पण ती प्रयोगशाळेत, मुद्दाम, आठवडे खर्चून. शिरेतून टोचलेली पेशी ते आपोआप करत नाही.

आईने सगळं शांतपणे ऐकलं. आजोबांच्या फिजिओथेरपिस्टला आठवड्यातून तीनऐवजी पाच दिवस बोलवायचं ठरवून ती उठली.

परवा ती मुलगी लिफ्टमध्ये भेटली. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, त्यावर रक्तगट ओ पॉझिटिव्ह. दहावीच्या दाखल्यावरून तसाच उतरवलेला. "हे आधी बदलून घे," म्हटलं. "हो काकू, सोमवारीच," म्हणाली आणि केस मागे सारले. टोकांना अजून कुरळे आहेत. मुळापासून बोटभर मात्र सरळ यायला लागलेत.